दुःख आईचं, कथा शेरिफची

अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक छोटं गाव. नदीत किंवा रस्त्याकडेला एका कृष्णवर्णीय माणसाचं प्रेत सापडतं. गाव गप्प बसतं. तपासाला येतो एक अधिकारी. त्याची मुलगी गेलेली, संसार मोडलेला, रात्र दारूत आणि सकाळ पश्चात्तापात. ओटीटीवर आणि कादंबऱ्यांत हा साचा आता इतका रुळला आहे की मराठी वाचक-प्रेक्षकांतही त्यावर हिरिरीने वाद होतो. एक बाजू म्हणते, असा सदोष नायकच खरा माणूस, बाकीचे पुठ्ठ्याचे. दुसरी म्हणते, हे सगळं पोलिसांना सहानुभूती मिळवून देण्याचं साधन आहे. दोघांचं भांडण एकाच गोष्टीवर चाललेलं असतं: हा अधिकारी चांगला की वाईट? मला हा प्रश्नच चुकीच्या दाराशी उभा वाटतो. वंशद्वेषातून गावोगावी झालेल्या खुनांचा इतिहास पाहिला, तर शोकाने पोखरलेला, चुका करणारा, तरीही पिच्छा न सोडणारा शोधकर्ता त्यात पुन्हा पुन्हा भेटतो. त्याच्या छातीवर मात्र बिल्ला नसतो. तो मेलेल्याच्या घरचा असतो, बहुतेकदा आई, कधी भाऊ, कधी मैत्रीण. या साच्याने त्यांचं दुःख आणि त्यांचे कष्ट उचलले आणि पोलिसाच्या पदरात टाकले. माझा आक्षेप या चोरीला आहे.

आधी रहस्याचं बघू. डिटेक्टिव्ह कथेचा कणा म्हणजे ‘खून कुणी केला?’ हा प्रश्न. पण या खुनांत तो प्रश्न बहुतेक वेळा नसतोच. २८ ऑगस्ट १९५५ च्या पहाटे मिसिसिपीतल्या मनी या गावातून चौदा वर्षांच्या एमेट टिलला दोन गोरे माणसं नात्याने आजोबा लागणाऱ्या मोझ राइट यांच्या घरातून उचलून घेऊन गेली. नेणाऱ्यांची नावं सगळ्यांना माहीत होती. प्रेत सापडण्याआधीच अपहरणासाठी अटक झाली होती आणि मुलाला नेल्याचं आरोपींनी नाकारलंही नव्हतं. ‘पण सोडून दिलं,’ एवढंच त्यांचं म्हणणं. जॉर्जियातल्या ब्रन्सविकजवळ २३ फेब्रुवारी २०२० ला अहमद आर्बरीला भर दुपारी गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा पोलीस पोहोचले त्या वेळी मारणारा तिथेच उभा होता आणि घटनेचं चित्रीकरण एका साथीदाराच्या मोबाइलमध्ये होतं. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं ते गावाच्या डोळ्यांदेखत. यात रहस्य कुठे आहे? इथे शोधायचं असतं ते दुसरंच. माहीत असलेली गोष्ट कागदावर कोण येऊ देत नाही? फिर्यादीत पहिलं वाक्य कुणी लिहिलं? प्रेत जमिनीखाली घालायची घाई कुणाला होती? खुनी शोधण्याच्या कथेत हे प्रश्न तळटीप होतात, कारण त्या कथेला शेवटी एक चेहरा हवा असतो. आणि चेहरा सापडला की गाव सुटतं.

विरुद्ध बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करायला हवं. निष्कलंक पोलीस अधिकारी हे अधिक मोठं खोटं आहे. ज्या गावात शेरिफ, म्हणजे स्थानिक पोलीस प्रमुख, निवडून येतो, ज्याला निवडणाऱ्यांत आरोपीचे काका-मामा असतात, त्या गावातला अधिकारी गावाच्या बाहेर उभा नसतोच. त्याच्यात दोष दाखवणं म्हणजे निदान एवढं कबूल करणं, की तपास करणारा हात त्याच मातीचा आहे. दुसरं, ज्याचं स्वतःचं माणूस गेलं आहे त्याला समोरच्या घरातली शांतता ऐकू येते, हेही खोटं नाही. आणि तिसरा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. खटल्याची हजार पानी प्रत कोण वाचतं? गोष्ट वाचली जाते. एखाद्या पुण्या-नागपूरच्या मुलीला मिसिसिपीतल्या लिंचिंगबद्दल पहिल्यांदा कळतं ते मालिकेतून, आणि तिथून ती इतिहासाकडे वळते. हे होतं, आणि ते मोलाचं आहे.

पण मग त्या दोषाची किंमत कथेत कोण मोजतं ते पाहा. दारू पिऊन संशयिताच्या घरी एकट्याने जाणं, वॉरंटशिवाय खोली उघडणं, धमकावून कबुली काढणं, सापडलेली वस्तू खिशात ठेवून सकाळी पाकिटात घालणं. कथेत यामुळे तो अधिकारी ‘खोल’ होतो. न्यायालयात यातल्या प्रत्येक कृतीचा हिशेब असतो. १९६६ च्या मिरांडा निकालापासून, हक्कांची जाणीव न देता कोठडीत घेतलेलं निवेदन अमेरिकेत सरकार पक्षाला आपला पुरावा म्हणून मांडता येत नाही. १९६३ च्या ब्रेडी आणि १९७२ च्या जिग्लिओ निकालांमुळे साक्षीदाराच्या, म्हणजे पोलीस साक्षीदाराच्याही, विश्वासार्हतेला धक्का देणारी माहिती सरकारी वकिलाला बचाव पक्षाच्या हाती द्यावी लागते. म्हणजे अधिकाऱ्याच्या खोट्या अहवालांची जुनी फाइल त्याचं खासगी दुःख राहत नाही, उलटतपासणीचं हत्यार होते. आपल्याकडे तर पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं आणि नव्या कायद्यानेही ते तसंच ठेवलं आहे. मध्यरात्री पावसात भिजत मिळवलेली ती थरारक कबुली सकाळी रद्दी असते, आणि तिच्याबरोबर मेलेल्याच्या आईचा खटलाही बुडतो.

सदोष अधिकाऱ्याचं खरं उदाहरण बघायचं तर लॉस एंजेलिसचा मार्क फर्मन घ्या. शहर छोटं नव्हतं, पण दोष नेमका याच विषयातला होता. फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याच्यावर पूर्वपत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनासाठी १९९५ मध्ये चाललेल्या खटल्यात रक्ताळलेला हातमोजा सापडल्याचं सांगणारा अधिकारी हाच. कृष्णवर्णीयांसाठीचा तो घाणेरडा शब्द गेल्या दहा वर्षांत आपण उच्चारला नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं आणि ध्वनिफितींनी त्याला खोटं पाडलं. खोट्या साक्षीच्या आरोपाला १९९६ मध्ये त्याने आव्हान दिलं नाही. तोपर्यंत आरोपी निर्दोष सुटून गेला होता. दोन खून झालेल्या माणसांच्या घरच्यांना त्या अधिकाऱ्याच्या स्वभावाच्या ‘गुंतागुंतीचा’ काय उपयोग होता?

आणि ज्याला कथा ‘आतला आवाज’ म्हणते, त्याचं काय होतं? मिसिसिपीतच विनोना नावाचं गाव आहे. १९९६ च्या जुलैत तिथल्या फर्निचरच्या दुकानात चार जणांना गोळ्या घालून मारलं. संशय कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय तरुणावर पक्का झाला आणि मग पुरावा त्या संशयाभोवती रचला गेला. हातावर सापडलेला गोळीच्या धुराचा एकच कण, तो अमुक रस्त्याने जाताना दिसला म्हणणारे साक्षीदार, आणि ‘त्याने माझ्याकडे कबुली दिली’ म्हणणारा तुरुंगातला कैदी, ज्याने पुढे आपण खोटं बोललो असं सांगितलं. एकाच सरकारी वकिलाने हा खटला सहा वेळा चालवला. ज्युरीसाठी समोर आलेल्या ४२ कृष्णवर्णीयांपैकी ४१ जणांना त्याने वगळलं. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले. तोवर फ्लॉवर्सची बावीस-तेवीस वर्षं तुरुंगात गेली होती. तपासातला पक्का ग्रह असा दिसतो. कथेत तो खुनी पकडतो, कारण लेखकाने खुनी आधीच ठरवलेला असतो.

मग छोट्या गावात असा तपास नीट होतच नाही का? होतो. टेक्सासमधल्या जॅस्परचं उदाहरण मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण त्यात नाट्य फार कमी आहे आणि म्हणूनच ते कथांत येत नाही. ७ जून १९९८, रविवार. हफ क्रीक रस्त्यावर ४९ वर्षांच्या जेम्स बर्ड यांचं छिन्नविच्छिन्न शरीर सापडलं. सुरुवातीचा अंदाज होता गाडीने उडवून पळ काढल्याचा. हा अंदाज लिहून प्रकरण अपघातात काढणं सहज शक्य होतं. अशा गावांत ते पूर्वी किती वेळा घडलं असेल? पण रस्त्यावरचा माग सुमारे तीन मैल मागे जात होता, म्हणजे माणूस गाडीखाली आलेला नव्हता, गाडीमागे बांधलेला होता. तो माग पूर्ण चालून काढला गेला. अवशेष आणि वस्तू सापडलेल्या ८१ जागा एकेक करून रस्त्यावर रंगाने खुणावल्या गेल्या. जंगलातल्या ज्या मोकळ्या जागी मारहाण झाली होती तिथे सिगारेटची थोटकं, बिअरच्या बाटल्या, ‘बेरी’ असं कोरलेला पाना आणि ‘पॉसम’ असं कोरलेला लायटर सापडला. पॉसम हे आरोपी जॉन किंग याचं तुरुंगातलं टोपणनाव, आणि लायटरवर कु क्लक्स क्लान या वंशद्वेषी संघटनेचे तीन ‘के’ गुंफलेले. बेरी हे पिकअप गाडीच्या मालकाचं आडनाव. थोटकांवरचा डीएनए, आरोपींच्या बुटांवरचं रक्त, गाडीच्या तळाचं रक्त, पुढे सापडलेली लाकडाचे ओंडके ओढायची साखळी असं एकेक जुळत गेलं.

शेरिफ बिली रोल्स गोरे होते, सरकारी वकीलही गोरे. रोल्स यांनी जे केलं ते ऐकायला फार साधं आहे: हे आपल्या कार्यालयाच्या ताकदीबाहेरचं आहे हे ओळखून त्यांनी एफबीआयला, म्हणजे केंद्रीय तपास संस्थेला, लगेच बोलावलं. छोट्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) डीएनए प्रयोगशाळा नसते, पुरावा कुणाच्या हातून कुणाकडे गेला याचा हिशेब ठेवायला माणसं नसतात, आणि अर्ध्या गावाशी सोयरीक असते. बाहेरचं माणूस बोलावणं म्हणजे मानहानी, असं समजणारा अभिमानी अधिकारी कथेत शोभतो. जॅस्परमध्ये तो असता तर तो पाना वर्षभर एखाद्या कपाटात पडून राहिला असता. आणखी एक बारकावा बघा. टेक्सासच्या कायद्यात नुसत्या खुनाला मृत्युदंड नाही. या प्रकरणात त्याबरोबर अपहरणही सिद्ध व्हावं लागत होतं. म्हणून फरफटत नेताना बर्ड जिवंत होते का, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने निर्णायक झाला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी कोपरांच्या आणि शरीराच्या जखमांवरून साक्ष दिली, की ते बराच वेळ शुद्धीवर राहून डोकं वर धरायचा प्रयत्न करत होते आणि मोरीला आदळून त्यांचा अंत झाला. ती साक्ष ऐकणं बर्ड कुटुंबाला किती जड गेलं असेल. पण त्याच साक्षीवर आरोप उभा राहिला. २३ फेब्रुवारी १९९९ ला किंग दोषी ठरला. ज्युरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय होता, आणि ज्युरीने प्रमुख म्हणून निवडलं त्या एकट्यालाच.

या सगळ्यात शेरिफचं खासगी दुःख कुठे लागलं? कुठेच नाही. लागला तो रंगाचा डबा, सीलबंद पाकिटं, फोन उचलण्यातली नम्रता आणि शवविच्छेदनातली चिकाटी. बर्ड यांचा मुलगा रॉस पुढे वडिलांच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नये म्हणून उभा राहिला. शोक आणि सूड यांच्यातली खरी खोल गुंतागुंत पाहिजे असेल तर ती या मुलाच्या मनात होती. पण साच्याच्या कथेत असा मुलगा दोन दृश्यांपुरता येतो, रडतो आणि जातो.

आता मूळ मुद्द्याकडे. एमेट टिलचा तपास कुणी केला? टॅलाहाची काउंटीचे शेरिफ एच. सी. स्ट्रायडर यांनी प्रेत तिथल्या तिथे पुरायचा हुकूम दिला होता. खड्डा खणायला सुरुवातही झाली होती. शिकागोत बसलेल्या आईने, मेमी टिल यांनी, नातेवाइकांमार्फत ते थांबवलं. शवपेटी शिकागोला आली ती उघडायची नाही या बोलीवर. त्यांनी ती उघडायला लावली आणि मुलाचं शरीर पायांपासून डोक्यापर्यंत स्वतः तपासलं: गुडघे, दात, कान, केसांची कड. मृताची ओळख पटवायची पद्धत हीच असते. कोणत्याही शवागारात डॉक्टर जे करतो तेच एका आईने पोटच्या पोरावर केलं, कारण त्या प्रेताचं शवविच्छेदन कुणी केलंच नव्हतं. ते झालं थेट २००५ मध्ये, प्रेत उकरून, पन्नास वर्षांनी. मेमी टिल यांनी मग अंत्यदर्शनाला पेटी उघडी ठेवली आणि छायाचित्र छापू दिलं. त्या छायाचित्राने त्या पिढीला जागं केलं.

खटल्यात स्ट्रायडर बचाव पक्षातर्फे साक्षीला उभे राहिले. प्रेत इतकं कुजलं होतं की ते गोऱ्याचं की काळ्याचं हे सांगता येत नव्हतं, अशी त्यांची साक्ष. पण तेच प्रेत नदीतून निघाल्यावर कृष्णवर्णीयांचे अंत्यविधी करणाऱ्या माणसाच्या ताब्यात दिलं गेलं होतं. १९५५ च्या मिसिसिपीत गोऱ्या माणसाचं प्रेत तिकडे गेलं असतं का? बोटातल्या अंगठीवर वडिलांची आद्याक्षरं होती. गळ्याला काटेरी तारेने बांधलेला कापसाच्या जिनमधला पंखा होता, सुमारे ३४ किलोचा. आणि उलटतपासणीत आईला काय विचारलं? मुलाच्या विम्याबद्दल.

साक्षीदार शोधून काढले तेही पोलिसांनी नव्हे. मेडगर एव्हर्स, रूबी हर्ली, अमझी मूर हे चळवळीतले कार्यकर्ते कापूस वेचणाऱ्या मजुरांचे कपडे घालून मळ्यांत फिरले, तेव्हा पाहणारी माणसं बोलायला तयार झाली. वेषांतर, रात्रीच्या गाठीभेटी, साक्षीदाराला लपवणं, साक्ष होताच राज्याबाहेर पोहोचवणं ही सगळी डिटेक्टिव्ह कथेची सामग्री इथे आहे, आणि ती करणाऱ्यांकडे ना वॉरंट होतं ना पिस्तुलाचा परवाना. मोझ राइट यांनी भर न्यायालयात उभं राहून गोऱ्या आरोपीकडे बोट दाखवलं. ज्युरीची यादी मतदारयादीतून येत होती. काउंटीतली जवळपास दोन-तृतीयांश वस्ती कृष्णवर्णीय, पण मतदानाचा हक्क गोऱ्यांच्याच हाती. त्यामुळे बारा गोरे पुरुष बसले आणि तासाभराच्या आसपास निकाल देऊन उठले. निर्दोष. काही महिन्यांनी आरोपींनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला खुनाची कबुली दिली. एकदा सुटल्यावर त्याच आरोपाखाली पुन्हा खटला चालवता येत नव्हता.

शोकातून तपास उभा राहतो याचं याहूनही जुनं उदाहरण आयडा बी. वेल्स यांचं आहे. १८९२ च्या मार्चमध्ये मेम्फिसमध्ये त्यांचा जिवलग मित्र थॉमस मॉस आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना जमावाने मारलं. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांचं किराणा दुकान गोऱ्या दुकानदाराला जड जात होतं. वेल्स यांनी मग लिंचिंगच्या घटना एकेक करून तपासायला घेतल्या. त्यांची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. आकडे घ्यायचे ते गोऱ्यांच्या वृत्तपत्रांतूनच, म्हणजे अतिशयोक्तीचा आरोप करता येऊ नये. ‘बलात्कारासाठी मारलं’ हे सरसकट दिलं जाणारं कारण आणि प्रत्यक्षात नोंदलेलं कारण शेजारी शेजारी ठेवायचं. त्यातून दिसलं की मोठ्या संख्येने घटनांत तो आरोपसुद्धा कुणी केलेला नव्हता. त्याच वर्षी वेल्स गावाबाहेर असताना त्यांच्या वृत्तपत्राचं कार्यालय जमावाने उद्ध्वस्त केलं. त्या मेम्फिसला राहायला परत गेल्या नाहीत, पण काम सोडलं नाही.

आणि ‘सदोष’ हा शब्द शब्दशः लागू पडावा असा माणूस हवा असेल, तर थॉमस मूर आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीतल्याच नेशोबा काउंटीत तीन नागरी हक्क कार्यकर्ते बेपत्ता झाले. चेनी, गुडमन, श्वर्नर. त्यांतले दोघे गोरे होते, म्हणून देशभर गाजावाजा झाला. शोध चालू असताना नदीत दुसरीच दोन प्रेतं सापडली, चार्ल्स मूर आणि हेन्री डी यांची. दोघेही १९ वर्षांचे, दोघेही कृष्णवर्णीय, मे महिन्यात मेडव्हिलजवळून उचललेले. हे ते तिघे नव्हेत म्हटल्यावर देशाचं लक्ष उडालं. दोघांना अटक झाली आणि १९६५ च्या जानेवारीत आरोप सोडून दिले गेले. चार्ल्सचा भाऊ थॉमस याची हयात सैन्यात गेली. भावाला वाचवू शकलो नाही ही टोचणी आणि सूडाचे विचार, दोन्ही त्याच्याबरोबर होते आणि पुढे त्याने ते लपवलेही नाहीत. २००५ मध्ये तो एका कॅनेडियन माहितीपटकारासह गावात परतला. मुख्य संशयित जेम्स फोर्ड सील मेला आहे, असं सगळे समजून चालले होते. गावातल्या एका माणसाने सहज सांगितलं, मेला कुठला, इथेच राहतो. पत्ता शोधणं, दार ठोठावणं, जुनी एफबीआय कागदपत्रं मिळवणं, सरकारी वकिलाच्या मागे लागणं हे सगळं या भावाने केलं. २००७ मध्ये सील अपहरण आणि कटासाठी दोषी ठरला, तीन जन्मठेपा झाल्या. जुना साथीदारच माफीच्या बदल्यात साक्षीला आला होता. एवढी गोष्ट समोर असताना तिला बाजूला सारून एका काल्पनिक गोऱ्या पोलिसाला मुलगी मारून दुःख का द्यावं लागतं?

‘वाचकाला आत शिरायला ओळखीचा माणूस लागतो’ हे यावरचं नेहमीचं उत्तर असतं. मग विचारायला हवं, ओळखीचा म्हणजे कुणाला? आर्बरीची आई वांडा कूपर-जोन्स यांना पोलिसांनी सांगितलं होतं की मुलगा चोरी करताना मारला गेला. त्यांनी समाजमाध्यमांवर आणि कागदांत खणून शोधलं, की प्रकरण हाती घेतलेल्या दुसऱ्या सरकारी वकिलाचा मुलगा त्याच कार्यालयात काम करतो, जिथे आरोपींपैकी एक जण पूर्वी तपासनीस होता. हितसंबंधांचा हा धागा त्यांनी पकडला म्हणून ते प्रकरण त्या वकिलाच्या हातून सुटलं. ७४ दिवस अटक नव्हती. चित्रफीत बाहेर आली आणि राज्य तपास यंत्रणेने सूत्रं घेतली, तेव्हा दोन दिवसांत पहिल्या अटका झाल्या. त्या दोन दिवसांत नवा पुरावा काय मिळाला होता? चित्रफीत तर आधीपासून स्थानिक पोलिसांकडे होतीच. मोबाइलवर रात्ररात्र नावं जुळवत बसलेली आई कुठल्या वाचकाला अनोळखी आहे?

मराठी वाचकाने या वादात पडावं याला कारण आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना, आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. हा संबंध आपण अभिमानाने सांगतो. तो खरा असेल तर खैरलांजीकडेही त्याच नजरेने बघावं लागेल. सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे या आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या. त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हल्ला झाला. साक्षीदाराला जामिनाची आगाऊ खबर नव्हती, संरक्षण नव्हतं. पहिलं शवविच्छेदन इतकं ढिसाळ की प्रेतं उकरून दुसरं करावं लागलं, तोवर कालव्याच्या पाण्याने आणि दिवसांनी आपलं काम केलं होतं. लैंगिक अत्याचाराचा पुरावा असा एकदा गेला की परत येत नाही. २००८ मध्ये भंडारा सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा मात्र लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली आणि हेतू जातीचा नव्हे, सूडाचा, असंच धरलं.

इथे कायद्याची एक ओळ बघायला हवी. त्या वेळी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(५) ला हवं होतं की गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ घडला. म्हणजे आरोपीच्या मनात शिरून जात सिद्ध करा. साक्ष दिल्याचा राग हेही कारण सापडलं की जात वजा. पण दलित बाईने साक्ष दिली याचाच राग जर गावाला इतका आला, तर जात आणि सूड वेगळे करायचे कुठल्या सुरीने? २०१५ च्या दुरुस्तीने शब्द बदलला. पीडित त्या जातीची आहे हे ‘माहीत असताना’ गुन्हा केला तरी पुरे, आणि आरोपीची त्या कुटुंबाशी ओळख असेल तर ती माहिती होती असं न्यायालय गृहीत धरेल. तीनचारशे उंबऱ्यांच्या गावात कुणाला कुणाची जात माहीत नसते? त्याच दुरुस्तीने १५अ हे कलम आलं. पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, जामिनाच्या सुनावणीची पूर्वसूचना, सुनावणीत बोलण्याचा हक्क. सुरेखा भोतमांगेंना नेमकं हेच मिळालं नव्हतं. तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये, हा नियम तर १९९५ पासूनचा आहे. त्याचं कारणही जॅस्परच्या शेरिफने ओळखलं तेच: ठाण्यातला अंमलदार गावाच्या फार जवळ असतो.

आणि हे सगळं असूनही साक्षीदार फितूर झाले की इमारत कोसळते. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २०१४ च्या एप्रिलमध्ये नितीन आगे या सतरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले, कारण साक्षीदारांपैकी अनेकांनी आपला जबाब फिरवला होता. कुठल्या डिटेक्टिव्हच्या अंतर्मनातल्या वादळाने ते थांबलं असतं? दंडाधिकाऱ्यासमोर वेळेत नोंदवलेले जबाब, साक्षीदाराच्या घराला संरक्षण आणि खटला वर्षानुवर्षं न रखडणं यांनी कदाचित थांबलं असतं.

मराठीत कुणी अशी कथा लिहायला घेतली तर त्याच्याकडे माणूस तयार आहे. भैयालाल भोतमांगे हल्ल्यातून एकटे वाचले. बायको, मुलगी आणि दोन मुलगे गेल्यावर त्यांनी दहा वर्षं न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या. जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात ते हृदयविकाराने गेले, तेव्हा अपील सर्वोच्च न्यायालयात पडून होतं.